हाताजोगं हत्यार

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीतल्या गच्च्या जाग्या होतात. ऊन चढायच्या आत सोऱ्याची करकर सुरू होते, शिजलेल्या चिकाचा आंबूस-गोड वास जिन्यावरून घरात उतरतो आणि कुणीतरी कुणावर तरी ओरडत असतं, "अगं, ते कावळं हाकल की आधी!" लातूरच्या उन्हाचं कौतुक कुणी करत नाही. वर्षभर आम्ही त्याला बोलच लावतो. वाळवणाचे दिवस आले की मात्र त्याच उन्हाची वाट बघतो आणि आभाळात एखादा ढग दिसला तरी तोंड पाडून बसतो. कुरडया डब्यात गेल्या, की पुन्हा शिव्या सुरू.

परवा मी धुणं वाळत घालायला वर गेले. शेजारच्या सुमनताईंनी खाटेवर जुनी नऊवारी अंथरून कुरडया घातल्या होत्या. ओल्या, पांढऱ्याशुभ्र, नीट ओळीनं बसलेल्या. त्या बघून मला हसू फुटलं. ताई म्हणाल्या, "का गं, बिघडल्यात का?" मी म्हटलं, "नाही हो, मला विमान आठवलं." त्यांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि सावलीत बसायला सांगितलं.

आता त्यांना कसं सांगायचं, की मागे एका उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी खरोखरच एक विमान वाळत पडलं होतं! आणि त्या विमानापायी मी चिमटे, कानशी आणि कातरण्या बघत लातूर-नांदेडची दुकानं पालथी घातली होती. तो उन्हाळा मला मनापासून आवडतो. आठवला की आजही बरं वाटतं.

ते विमान विमलआत्याचं. विमलआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. औशाच्या सरकारी दवाखान्यात तिनं जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. पगारातून मागे टाकत टाकत तिनं औशात, जिथून किल्ल्याचा बुरूज दिसतो अशा गल्लीत, दोन खोल्यांचं घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच एकटी राहिली. भाजीवाली, रिक्षावाले, तिच्या डोळ्यांदेखत जन्मून आता पोराबाळांचे झालेले लोक, सगळे तिला अजून 'सिस्टर' म्हणतात.

त्या वर्षी शिवरात्र झाली आणि थोड्याच दिवसांत ती न्हाणीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून मी तिला आमच्याकडे लातूरला आणलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. सुकलेला, पांढुरका, बोटं ताठ. मूठ काही केल्या मिटेना. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता बोटं हलती ठेवा.

आम्ही लिंगायत. आत्या रोज आंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेते आणि उजव्या हातानं पूजा करते. तीन बोटांनी कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा, मग चिमटीत धरून बेलाचं पान. प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी दारातून बघत होते. रेघा एकमेकींत मिसळून विभूती कपाळभर फासली गेली. बेलाचं पान तर चिमटीत येईचना. उचलायची आणि ते गळून पडायचं. शेवटी ती नुसती बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी पान उचलून द्यायला पुढे झाले.

"न्हाई," ती म्हणाली. "राहू दी. माझं मलाच."

इकडे नांदेडहून माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे, फोन सुरू झाले होते. "आता या वयात एकटीनं राहायचं काही कारण नाही. औशाचं घर भाड्यानं देऊ. मी भाडेकरू बघून ठेवलाय, चांगला माणूस आहे. शाळा उघडायच्या आत त्याला घर पाहिजे." दादा वाईट नाही. त्याला काळजी वाटली की त्याचा आवाज हुकूम सोडल्यासारखा होतो, एवढंच. आत्या म्हणाली, "हात बरा झाला की मी औशाला जाणार." दादानं विचारलं, "आणि नाही झाला तर?" मग न बोलताच सगळ्यांचं ठरून गेलं, की शाळा उघडायच्या आत हात चालायला लागला तर आत्या औशाला, नाहीतर घर भाडेकरूला आणि आत्या कायमची आमच्याकडे. मला विचाराल तर ती राहिली असती तर मला हवीच होती. घरात माणूस वाढलं की मला आवडतं. पण संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती औशाकडे जाणाऱ्या गाड्यांकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर माझ्या ओळखीची होती. सासरी आल्यावर पहिलं वर्षभर मी तसंच बघत होते.

बोटांच्या व्यायामाला तिला स्पंजचा एक पिवळा चेंडू मिळाला होता. त्या चेंडूचा तिला भयंकर राग. "ह्याला दाबून काय निघणार हाय? रस?" ती विचारायची. "हाताला काम द्या काहीतरी. बिनकामाचा व्यायाम मला जमत न्हाई."

काम सापडलं ते आमच्या कपाटावर. माझी मुलगी सई पुण्यात शिकते. दिवाळीत ती हौसेनं एक खोका घेऊन आली होती आणि सुट्टी संपल्यावर तसाच टाकून गेली होती. आत्यानं लोकर शोधताना तो खाली काढला. आत हिरव्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि चौकटींना बारीक बारीक देठांनी चिकटलेले विमानाचे भाग. जुन्या काळचं, एकावर एक असे दोन मजली पंख असलेलं विमान. एकेक भाग कापून काढायचा, घासायचा, चिकटवायचा. आत्यानं चष्मा लावून प्रत्येक चौकट उजेडात धरून बघितली आणि सईला फोन लावला.

"सई, हे तुझं विमान मी करू का गं?"

"कर की, आजी! पण आधी हत्यारं चांगली घे. घरातल्या कात्रीनं कापू नकोस, वाट लागेल."

हत्यारं हा शब्द ऐकला आणि आत्या खुर्चीत ताठ बसली. प्लास्टर निघाल्यापासून ती अशी बसलेली मी बघितली नव्हती.

पण हत्यारांच्या आधी घोटाळा झाला. सईनं फोनवर सांगितलं, की प्लास्टिकवर साच्याचं तेल राहिलेलं असतं, रंग धरत नाही, म्हणून चौकटी साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवायच्या. आता वैशाखात लातूरच्या बाईला 'वाळव' म्हटलं तर ती काय करील? आमच्याकडे वाळवणं म्हणजे गच्चीवर नेणं. त्याला दुसरा अर्थ आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलेला नाही. माझ्या कुरडया खाटेवर होत्याच. शेजारी टाकीवर झाकलेला पत्रा होता. त्यावर आम्ही दोघींनी धुतलेलं विमान नीट पसरून ठेवलं, वर कावळ्यांसाठी जाळी घातली आणि जेवून, कूलर लावून झोपलो.

उन्हं कलल्यावर वर गेलो तर कुरडया कडक झाल्या होत्या आणि विमान मऊ. खालच्या मजल्याचा लांब पंख तर पापडासारखा वर वळला होता. माझे यजमान दुकानातून आले, त्यांनी ते बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आत्याबाई, तळायचं कधी?"

आत्या रागावली नाही. तिनं पातेल्यात पाणी गरम केलं, पंख त्यात बुडवला, मऊ झाल्यावर पोळपाटावर ठेवून वरून दुसरा पाट दाबला आणि स्वतः त्या पाटावर कोपर टेकून बसली. पंख बराचसा सरळ झाला. पूर्ण नाही. "असू दी," ती म्हणाली. "त्याचं बी मनगट मोडलंय."

मग आमचा हत्यारांचा शोध सुरू झाला. यजमानांचं विजेच्या सामानाचं दुकान. ते म्हणाले, कापायलाच पाहिजे ना, आणि वायर कापायची त्यांची कातरणी घेऊन आले. आत्यानं चौकटीचा एक रिकामा तुकडा कापून बघितला. कटकन आवाज झाला आणि कापलेल्या जागी प्लास्टिक चेंगरून पांढरं पडलं. तिनं कातरणी मिटून खिडकीच्या उजेडासमोर धरली. "इकडं ये, बघ. दोन पात्यांच्या मधून उजेड दिसायलाय का न्हाई? आणि पाती दोन्हीकडून उतरती हायत. ही कातरत न्हाई. ही चावती. तारेला चावलं तर चालतंय, तारेला कुठं दुखतंय?" मग तिनं सांगितलं, की थिएटरात नवी कात्री आली की ती ओल्या गॉजवर, जखमेवरच्या जाळीदार कापडावर, चालवून बघायची. टोकापर्यंत सुळकन गेली तर ठेवायची. टोकाशी गॉज नुसता दुमडला तर परत. कितीही चकचकीत असली तरी परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही गंजगोलाईच्या बाजारात गेलो. ब्लाऊजपीस मॅच करायला न्यावा तसे तिनं प्लास्टिकचे तुकडे रुमालात बांधून घेतले होते. चार दुकानदारांनी तिला चार वस्तू दाखवल्या आणि प्रत्येकानं 'एक नंबर माल' म्हणून दाखवली. आत्या शांतपणे रुमाल सोडायची, तुकडा कापायची, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवायची आणि वस्तू परत द्यायची. माझा जीव अर्धा व्हायचा. साडीच्या दुकानात शंभर साड्या काढायला लावताना मला काही वाटत नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात दोन बायका एवढा वेळ उभ्या राहिल्या की सगळं दुकान बघायला लागतं. शेवटी मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या एका टपरीवजा दुकानात तिला पाहिजे ती मिळाली. लहानशी कातरणी, पात्यांची एक बाजू अगदी सपाट. सपाट बाजू भागाकडे ठेवून कापली की देठाचा मागमूस राहत नव्हता. आणि मुख्य म्हणजे मुठीतली स्प्रिंग हलकी होती. कापून झालं की ती आपली आपण उघडायची, बोटांना ओढून उघडावी लागत नव्हती.

"ही बघ," आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "ही हाताला मदत करायलीय." तिच्या आवाजात एवढं कौतुक मी माझ्या स्वतःच्या निकालाच्या दिवशीही ऐकलं नव्हतं.

तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. इतकी वर्षं आत्यानं हत्यारं पारखली, उकळली, पुसली, मांडली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. डॉक्टरांचा हात न बघता पुढे यायचा आणि ती त्या तळव्यावर बरोब्बर पाहिजे ते, पाहिजे त्या बाजूनं टेकवायची. पण स्वतःच्या हातासाठी हत्यार निवडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मी तिला तसं म्हटलं. ती चालता चालता म्हणाली, "व्हय की. डॉक्टर बदलला की त्याचा हात बघायचे मी आधी. जाड बोटांचा, का बारीक. घाई करणारा, का दमानं घेणारा. त्यावरून ट्रे लावायचे. माझा हात कसा हाय, हे मात्र कधी बघितलंच न्हाई."

चिमट्यासाठी मात्र नांदेड गाठावं लागलं. दादाच्या मुलीचा साखरपुडा होता, त्याला गेलो होतो. बस अहमदपूर सोडून लोह्याकडे निघाली, खिडकीतून भट्टीसारखं वारं येत होतं आणि आत्या मांडीवरच्या पर्समधून कातरणी काढून नुसती उघडमीट करत होती. समोरच्या सीटवरच्या बाईनं घाबरून आपली वेणी पुढे घेतली. साखरपुडा झाल्यावर आत्यानं दादाला सांगितलं, मला इतवाऱ्यात ने. घड्याळजींना आणि सोनारांना अवजारं विकणारं एक जुनं दुकान तिथं आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दादा उन्हात घामाघूम होऊन आमच्यासोबत आला.

दुकानदार चाचा वयस्कर, मेंदी लावलेल्या दाढीचे. "क्या होना, आपा?"

"चिमटा. बारीक टोकाचा."

त्यांनी काचेवर चिमटे मांडले. आत्यानं एकेक घेतला, जोरात दाबला आणि टोकांकडे बघितलं. हलका माल असला की दाबल्यावर टोकं एकमेकांवर चढतात, तिढा पडतो. चांगल्या चिमट्याची टोकं आधी भेटतात आणि दाब वाढला तरी भेटलेलीच राहतात. ती दाबत होती, ठेवत होती. चाचांना आधी वैताग आला, मग मजा वाटायला लागली. त्यांनी आतून मखमलीच्या पिशवीतला एक चिमटा काढला. "ये लो. विलायती हाय. ऐसा माल अब आता नै."

आत्यानं तो हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. खरोखर सुंदर वस्तू होती. तिनं काचेवर पडलेला घड्याळाचा एवढासा स्क्रू उचलला, उजेडात धरला, क्षणभर धरून ठेवला. मग तिची बोटं थरथरायला लागली आणि स्क्रू निसटला. दादानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"आपा, आप डाक्टर हैं क्या?" चाचांनी विचारलं.

"नै भाई. डाक्टर के हाथ में देनेवाली." तिनं चिमटा रुमालानं पुसून अलगद मखमलीवर ठेवला. "बहुत अच्छा है. लेकिन इसको अच्छा हाथ होना. मेरा हाथ अब ऐसा है. इसके लायक दिखाओ."

चाचांनी तिच्या हाताकडे नीट बघितलं. मग खालच्या खणातून एक साधा, जाडसर चिमटा काढला. हा उलटा होता. दाबला की उघडायचा आणि सोडला की मिटायचा. वस्तू एकदा पकडली की बोटांनी जोर लावायचं कामच नाही, चिमटाच धरून ठेवणार. आत्यानं स्क्रू पकडला आणि बोटं सैल सोडली. स्क्रू जागचा हलला नाही. ती हसली, चाचा हसले. दादा म्हणाला, "पण आत्या, तो पहिला भारी होता." आत्या म्हणाली, "व्हय, लई भारी होता," आणि साध्याचं पाकीट पर्समध्ये टाकलं. आपल्याला न पेलणाऱ्या वस्तूचं असं मोकळ्या मनानं कौतुक करणारी माणसं मी फार थोडी बघितली आहेत. आम्ही बाकीचे तर न पेलणारी वस्तू विकत घेतो आणि शोकेसमध्ये ठेवतो.

सुरी सईनं पुण्याहून पाठवली. पेनासारखी, टोकाला बदलायचं पातं. पातं उत्तम होतं पण दांडी गोल आणि बारीक. टेबलावरून गडगडायची आणि आत्याच्या न मिटणाऱ्या मुठीत फिरायची. आत्यानं बँडेज आणलं आणि त्या दांडीला असं गुंडाळलं, की जणू तिचंच काही मोडलं होतं. वरून चिकटपट्टी. दांडी जाड झाली, हातात बसली, टेबलावरही थांबायला लागली. पातं जरा बोथट वाटलं की ती लगेच बदलायची. मी म्हटलं, अजून चालेल की. तर म्हणाली, "बोथट पात्याला जोर लावावा लागतोय, आणि जोर लावला की ते सटकतंय. हात कापतोय तो बोथट पात्यानंच." कानस तिनं सोनाराकडची बारीक दातांची घेतली, आणि शेवटच्या घासणीला गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमधून पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर आणवला. तो घासताना वाटीतलं पाणी हिरवट व्हायचं.

त्या दुपारी मला फार लख्ख आठवतात. खिडकीला ओला पडदा, कूलरचा एकसुरी आवाज, कैरीच्या पन्ह्याचा ग्लास, आणि टेबलाशी वाकलेली आत्या. आधी देठ भागापासून लांब कापायचा, मग भाग हातात मोकळा झाल्यावर उरलेला देठ जवळून. एकाच घावात जवळून कापलं तर ओढ बसून भागाचा लचका निघतो. कानस एकाच दिशेनं, पुढे. मागे घासत आणायची नाही. एक भाग झाला की हत्यारं पुसून पुन्हा आपापल्या जागी, टोकं एका दिशेला. मी शाळेच्या पेपरांचे गठ्ठे तपासत समोर बसायची आणि पेपर सोडून तिलाच बघायची. मला काही येत नव्हतं तरी माझे खांदे तिच्याबरोबर पुढे झुकायचे. एक चाक जागेवर बसलं तेव्हा मी टाळी वाजवली आणि तिनं मला दटावलं, "गप. अजून वाळलं न्हाई."

बोटं सुटत गेली. अंगठा तर्जनीला भेटायला लागला. एक दिवस पूजेत बेलाचं पान चिमटीत आलं आणि नीट वाहिलं गेलं. तिनं मागे वळून बघितलं नाही, पण मी दारात आहे हे तिला माहीत होतं. "बघितलं, बघितलं," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

विमान पुरं झालं. आज ते आमच्या टीव्हीच्या वर उभं आहे, खालचा पंख किंचित वर उचललेला. पण मूठ काही मिटली नाही. शाळा उघडायच्या तोंडावर डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला आणि सरळ सांगितलं, की इथपर्यंतच. बारीक कामं जमतील, पण जड उचलणं, पिळणं, घट्ट धरणं आता होणार नाही. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग ठरल्याप्रमाणे करू. रविवारी टेम्पो घेऊन औशाला जा. घर रिकामं करून किल्ली शेजारी ठेव." मला वाटलं आत्या भांडेल. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "टेम्पो आण. पण सामानाला कुणी हात लावायचा न्हाई. मी काढीन."

रविवारी सकाळी आम्ही औशाला गेलो. घर महिनोन्महिने बंद होतं, आत गरम धुळीचा वास. आत्यानं पदर खोचला आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. मला वाटलं ती निरोप घेतेय, म्हणून मी मध्ये बोलले नाही. ती प्रत्येक वस्तू उजव्या हातात घ्यायची, उचलून बघायची, फिरवून बघायची आणि मग सांगायची, "ही टेम्पोत," किंवा काही न बोलता ती जागेवर ठेवायची. पितळी घागर टेम्पोत गेली. पाटा-वरवंटा गेला. जाड बुडाचा मोठा कुकर गेला, लोखंडी कढई गेली, पाणी तापवायचं तांब्याचं जड भांडं गेलं. दाराची कडी तिनं उघडून बघितली, तिला तेल दिलं, पुन्हा उघडून बघितली. नळाच्या गोल तोटीशी मात्र तिचा हात अडला. पिळता येईना. तिनं कोपऱ्यावरच्या प्लंबरला हाक मारून आणलं. तो "सिस्टर, सिस्टर" करत आला आणि तिच्या सांगण्यावरून लांब दांडीची तोटी बसवून गेला. आत्यानं एका बोटानं दांडी ढकलली. पाणी आलं. तिनं तोंडावर पाण्याचा हबका मारला.

मी उभी राहून बघत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं. लहान पातेली जागेवर होती. हलका तवा, चहाचं भांडं, ताटली, देवघर जागेवर होतं. तिची गादी जागेवर होती.

"आत्या," मी म्हटलं, "अगं, दादा काय म्हणेल?"

"त्याला सांग, जड सामान पाठवलंय. तुमच्याकडं उचलायला चार हात हायत." ती पाटावर टेकली. "हात बरा होईल म्हणून मी किती दिवस वाट बघत बसू? हा असाच राहणार हाय. ह्याला चालतंय तेवढं ठेवलंय, बाकीचं काढलं. तू चहा घेऊन जा. मी करते."

तिनं केलेला चहा मी प्याले. साखर जास्त झाली होती.

टेम्पो औसा नाक्याच्या पुढे आला तेव्हा दादाचा फोन आला. मागे घागर कुकरवर आदळून वाजत होती, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं.

"भरलं का सगळं?"

"हो, भरायचं होतं ते सगळं भरलं."

"बरं झालं. आणि आत्या? आत्याला दे जरा फोन."

"ती इथं नाही, दादा," मी म्हटलं. "ती घरी आहे."